पार्स केलेलं एक्सएमएल कॅशमध्ये किती ठेवायचं? मेमरी आणि वेगाची ओढाताण

रानमेवा

नमस्कार मंडळी,

आमच्याकडे शालेय प्रश्नसंचांचा सगळा मजकूर एक्सएमएलमध्ये आहे, मराठी आणि इंग्रजी दोन्ही माध्यमांचा. एक प्रकरण म्हणजे एक फाईल, दोन ते पाच एमबीची. संपादकाने प्रीव्ह्यू दाबला की जावातली एक सेवा ती फाईल उचलते, पार्स करते (टॅग ओळखून त्यांची रचना मेमरीत उभी करते), जावाच्या संचासोबत, म्हणजे जेडीकेसोबत, येणाऱ्या एक्सएसएलटी प्रोसेसरमधून (एक्सएमएलचं रूपांतर करणारा प्रोग्राम) काढते आणि एचटीएमएल परत देते. शिवाय प्रत्येक प्रकरणाला चार-पाच सामायिक फायली लागतात: पारिभाषिक शब्दांची सूची, चित्रांची यादी, अभ्यासक्रमाचा आराखडा वगैरे. यातली शब्दसूची चांगलीच जाडजूड आहे.

दर वेळी नव्याने पार्स करायला वेळ लागतो म्हणून आधीच्या टीमने कॅश म्हणून एक स्टॅटिक हॅशमॅप घातला होता. की म्हणजे फाईलचा पाथ, व्हॅल्यू म्हणजे अख्खा डॉम: प्रत्येक टॅग आणि मजकुराच्या तुकड्याला एक नोड असलेलं मेमरीतलं झाड. आत गेलेलं कधी बाहेर पडत नाही. परीक्षेच्या हंगामात सगळी प्रकरणं उघडली जातात, ४ जीबीचा हीप (जावाची कामाची मेमरी) भरतो आणि सेवा आडवी होते. मग कुणीतरी व्हॅल्यू सॉफ्टरेफरन्समध्ये गुंडाळल्या, म्हणजे जागा कमी पडली की जावा त्या सोडून देऊ शकतं. तेव्हापासून सेवा पडत नाही, पण भर कामाच्या वेळी मधेच काही सेकंद गोठते. संपादक मंडळी फोनवर फोन करतात. खरं तर पडायची तेव्हा बरी होती, रीस्टार्ट करून चहाला तरी जाता यायचं.

मला दोन गोष्टी ठरवायच्या आहेत. कॅशला मर्यादा घालायची तर ती कशावर: डॉक्युमेंटच्या संख्येवर, फाईलच्या आकारावर, की आणखी कशावर? आणि मुळात डॉमच ठेवावा की दुसरं काही? हीप ८ जीबी करून मिळणार नाही, ते विचारून झालंय.

टर्मिनल_तात्या

सॉफ्टरेफरन्स आधी काढा. बाकीचं नंतर बोलू.

जावा चालवणाऱ्या हॉटस्पॉटमध्ये सॉफ्टरेफरन्स कधी सोडायचा याचा ठरलेला नियम आहे. हीपमध्ये जेवढे एमबी मोकळे, तेवढे सेकंद ती वस्तू शेवटच्या वापरानंतर टिकते. सॉफ्टरेफएलआरयूपॉलिसीएमएसपरएमबी नावाचा लांबलचक फ्लॅग आहे, त्याचं डिफॉल्ट मूल्य १००० मिलिसेकंद. म्हणजे १ जीबी मोकळी असेल तर १०२४ सेकंद, सतरा मिनिटं. एवढ्या वेळात तुमचे डॉम आरामात ओल्ड जनरेशनमध्ये (हीपमधल्या जुन्या वस्तूंच्या विभागात) जाऊन बसतात. जागा कमी होईल तशी मुदत आक्रसते आणि शेवटी एका मोठ्या जीसीत (मेमरीच्या साफसफाईत) सगळे एकदम निघतात. मग जो तो पुन्हा प्रीव्ह्यू दाबतो, सगळं पुन्हा पार्स, हीप पुन्हा भरलेला. तुमचं गोठणं ते हेच असणार, पण जीसी लॉग चालू करून खात्री करून घ्या.

ग्वाव्हा या जावा लायब्ररीच्या कागदपत्रांतही हाच सल्ला आहे: सॉफ्ट व्हॅल्यूंपेक्षा कमाल आकाराची मर्यादा घाला, ती कधी काय करेल याचा आधी अंदाज येतो.

आणि जेमॅपचा हिस्टोग्राम (कोणत्या क्लासने किती मेमरी खाल्ली ते) टाका इथे. वरचे पाच-सात क्लास पुरेत.

अर्धशिक्षित

नेहमीप्रमाणे उलटा प्रश्न. वेळ नक्की कुठे जातोय हे पाहिलंय का? ‘पार्सिंग मंद आहे’ असं म्हणणारे निम्मे लोक प्रत्यक्षात दोन गोष्टींवर वेळ घालवत असतात.

एक म्हणजे दर कॉलला डॉक्युमेंटबिल्डरफॅक्टरीचा न्यूइन्स्टन्स. तो प्रत्येक वेळी सिस्टिम प्रॉपर्टी बघतो, सर्व्हिसलोडरमधून क्लासपाथ धुंडाळतो आणि मग कुठे पार्सर देतो. लहान फायलींना हा शोध पार्सिंगपेक्षा महाग पडतो.

दुसरं म्हणजे डीटीडी, एक्सएमएलच्या रचनेचे नियम सांगणारी वेगळी फाईल. फाईलच्या डोक्यावर डॉकटाइप असेल आणि कॅटलॉग (तिची लोकल प्रत कुठे आहे ते सांगणारी यादी) लावलेला नसेल, तर पार्सर मुकाट्याने नेटवर जाऊन डीटीडी आणतो. दर वेळी. २००८ मध्ये डब्ल्यू३सी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेने यावर जाहीर तक्रार केली होती, त्यांच्या सर्व्हरवर अशा फायलींसाठी दिवसाला १३ कोटींपर्यंत विनंत्या येत होत्या. जगभरच्या प्रोग्रामरांनी कॅश न केल्याचा भुर्दंड बिचाऱ्यांनी सोसला.

हे दोन्ही नाही ना तुमच्याकडे, ते आधी सांगा.

चकली

वाचनखूण साठवली. आमच्याकडे पायथनमध्ये हाच तमाशा चालू आहे, त्यामुळे बसते इथेच.

रानमेवा

@अर्धशिक्षित, डीटीडी लोकलच आहे, कॅटलॉग लावलेला आहे. पण फॅक्टरीचं तुम्ही म्हणता ते शब्दशः खरं निघालं. आता प्रत्येक थ्रेडला एक डॉक्युमेंटबिल्डर ठेवला आणि वापर झाला की रीसेट करतो. लहान फायलींना फरक ताबडतोब जाणवला. मोठ्या प्रकरणांना फारसा नाही, तिथे खरोखरच पार्सिंग आणि त्यापुढचं काम आहे.

@तात्या, जीसी लॉग तुमच्या वर्णनाशी तंतोतंत जुळतो. हिस्टोग्राममध्ये सगळ्यात वर बाइट ॲरे आणि स्ट्रिंग. त्यांच्या खालोखाल डिफर्डटेक्स्टइम्प्ल, मग डिफर्डएलिमेंटएनएसइम्प्ल, मग ॲट्रिब्यूटवाले. टेक्स्ट नोड एलिमेंटपेक्षा दुपटीच्या आसपास आहेत, हे मला कळलं नाही. एका पर्यायात एकच टेक्स्ट असतो ना?

टर्मिनल_तात्या

फायली इंडेंट केलेल्या आहेत ना? दोन टॅगांच्या मधली नवी ओळ आणि तिच्यापुढच्या मोकळ्या जागा हासुद्धा डॉमच्या लेखी टेक्स्ट नोडच. माणसाला वाचायला सोपं जावं म्हणून केलेली सजावट तुम्ही मेमरीत सांभाळताय.

हिशोब मांडून दाखवतो. समजा पर्यायाचा टॅग तीन रोमन अक्षरांचा आहे आणि आत फक्त ‘हो’ लिहिलंय. डिस्कवर उघडणारा टॅग ५ बाइट, बंद करणारा ६, आणि ‘हो’चे ६ (ह आणि ओकार, दोन्ही यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी ३ बाइट). एकूण १७.

आता झर्सीस या पार्सरचा डॉम. जेडीकेच्या आतही तोच आहे. एलिमेंटच्या ऑब्जेक्टमध्ये १२ बाइटांचं हेडर, मग मालक नोड, मागचं भावंड, पुढचं भावंड, पहिलं मूल, डॉक्युमेंट, नाव, ॲट्रिब्यूटांचा नकाशा, नेमस्पेस, लोकल नाव... सगळे पॉइंटर ४-४ बाइटांचे धरले तरी बेरीज ६०च्या आसपास जाते, ८च्या पटीत नेली की ६४. टेक्स्ट नोड ४०. त्याच्या आतली स्ट्रिंग २४. स्ट्रिंगच्या आतला बाइट ॲरे २४, कारण १६ बाइट हेडर आणि त्यात ४ बाइटांचा ‘हो’. झाले १५२. सतराचे दीडशे. वर इंडेंटेशनचा टेक्स्ट नोड धरा, आणखी ८०-९०. ॲट्रिब्यूट असतील तर त्यांचं वेगळं.

म्हणून ‘फाईल ३ एमबीची आहे, हीप ४ जीबीचा आहे, हजारभर मावतील’ हे गणित कोसळतं. आणि म्हणूनच संख्येची मर्यादाही कुचकामी: लांब परिच्छेदांची ३ एमबी आणि छोट्या छोट्या पर्यायांची ३ एमबी यांचं मेमरीतलं वजन अजिबात सारखं नसतं. वजन नोडांवर ठरतं. मजकुराचा वाटा त्यामानाने कमी.

परदेशस्थ_पाखरू

तात्यांच्या हिशोबात एक मराठी भर.

देवनागरी अक्षर डिस्कवर ३ बाइट घेतं, पण जावाच्या स्ट्रिंगमध्ये २च. म्हणजे निव्वळ मराठी मजकूर मेमरीत गेल्यावर एक तृतीयांशाने आटतो. इंग्रजीचं उलटं. जावा ९ पासून स्ट्रिंगमधली सगळी अक्षरं लॅटिन-१ (इंग्रजी आणि पश्चिम युरोपीय अक्षरांचा संच) मधली असतील तर प्रत्येकी १ बाइट, आणि एक जरी अक्षर बाहेरचं आलं तर अख्खी स्ट्रिंग प्रत्येकी २ बाइटांवर जाते. तुमच्या इंग्रजी माध्यमाच्या फायलींत वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं असणारच. ती लॅटिन-१ मध्ये नाहीत. एका चिन्हापायी पूर्ण परिच्छेद दुप्पट.

पायथनमध्येही ३.३ पासून साधारण असंच आहे, फक्त तिथे १, २ आणि ४ अशा तीन पायऱ्या आहेत. लिबएक्सएमएल२ ही पार्सर लायब्ररी मात्र आत यूटीएफ-८च ठेवतं, त्यामुळे मराठी तिथे ३ बाइटच खाते.

यातून निर्णय काही बदलत नाही, पण इंग्रजी फायलींवर मोजून मराठी फायलींचं अनुमान काढू नका एवढंच.

सॅक्सोफोन

तुम्ही सगळे डॉम किती जड हे मोजताय. तो कॅशमध्ये ठेवून फायदा होतोय का, हे कुणी विचारलंच नाही.

रानमेवा, तुम्ही जेडीकेचा एक्सएसएलटी प्रोसेसर वापरता. त्याला डॉम दिला तर तो त्या डॉमवर थेट काम करत नाही. डॉमवरून सॅक्सच्या घटना (टॅग सुरू झाला, संपला अशा सूचना) काढतो आणि स्वतःचं अंतर्गत झाड, डीटीएम, दर ट्रान्सफॉर्मला नव्याने बांधतो. म्हणजे तुम्ही हीप भरून डॉम सांभाळता आणि शिवाय दर प्रीव्ह्यूला दुसरं झाड उभारता. वाचतं ते फक्त अक्षरांवरून टॅग ओळखण्याचं काम.

माझं मत सरळ आहे. सॅक्सन या दुसऱ्या एक्सएसएलटी प्रोसेसरवर या आणि त्याचं स्वतःचं टायनीट्री नावाचं झाड कॅश करा. मोफत आवृत्ती, एचई, मोझिला परवान्याखाली आहे आणि या कामाला पुरते. सॅक्सनचे कर्ते मायकल के यांनी टायनीट्रीची मांडणी मोठी मजेशीर केली आहे. प्रत्येक नोडला वेगळा ऑब्जेक्टच नाही. एक लांब ॲरे नोडच्या प्रकारांचा, एक खोलीचा, एक ‘पुढचं भावंड कोण’ याचा, एक नावांच्या आकड्यांचा, आणखी दोन इतर माहितीचे. प्रकाराला १ बाइट, खोलीला २, बाकी चार ॲरेत ४-४. नोडमागे एकोणीस-वीस बाइट. सगळा मजकूर एका सामायिक बफरमध्ये सलग, आणि इंडेंटेशनसारखी निव्वळ मोकळी जागा तर दाबून साठवलेली. तात्यांचे दीडशे बाइट इथे पन्नाशीच्या आत येतात.

आईबापांचा पॉइंटर त्यात नाही. नोडचा पालक हवा असेल तर भावंडांच्या रांगेतून शेवटपर्यंत जायचं, शेवटच्या भावंडाचा ‘पुढचा’ हाच पालकाकडे मागे बोट दाखवतो. रांग फार लांब असेल तर मधेमधे पालकाची खूण पेरून ठेवलेली असते. मेमरी वाचवायला वेगाचं नाणं कुठे मोजलं, ते इथे उघड दिसतं: वर चढणाऱ्या एक्सपाथना (झाडात नोड शोधणाऱ्या सूत्रांना) थोडा फटका, खाली उतरणाऱ्यांना उलट फायदा, कारण सगळं ओळीने शेजारीशेजारी आहे.

फक्त कॅशमधला डॉम तसाच सॅक्सनला देऊ नका. तो घेतो, पण वर वेष्टन चढवून, आणि ते मंद असतं. त्यांच्या कागदपत्रांतच डॉम टाळा असं स्पष्ट लिहिलंय.

कोकणकडा

+१. आणि एक भयंकर गोष्ट कुणीच बोललं नाही: तुमचा तो हॅशमॅपमधला डॉम अनेक थ्रेड एकाच वेळी वाचतायत का?

झर्सीसचा डॉम नुसता वाचायलाही थ्रेडसेफ नाही. डिफॉल्टने तो डिफर्ड असतो, म्हणजे पार्स करताना कच्ची माहिती ॲरेंमध्ये ठेवतो आणि कुणी त्या फांदीला हात लावला की तेव्हा खरे नोड बनवतो. दोघांनी एकदम हात लावला तर आत काय होईल ते नशीब. आमच्याकडे यापायी महिन्याकाठी एखादा नलपॉइंटर यायचा, कुणालाही पुन्हा घडवून दाखवता यायचा नाही, आणि बगच्या यादीत तो ‘हवामान’ या लेबलाखाली पडून होता. गंमत नाही, खरंच तसं लेबल होतं.

टायनीट्री बांधून झालं की बदलत नाही, त्यामुळे कितीही थ्रेड वाचू देत.

रानमेवा

@कोकणकडा, आता कळलं आमच्याकडे मधेच एखाद्या प्रकरणात पर्याय गायब का दिसायचे. पुन्हा प्रीव्ह्यू दाबला की यायचे, म्हणून कुणी मागे लागलं नाही.

सॅक्सनचा प्रयोग सुरू करतो. स्टाइलशीट १.० च्या आहेत, त्रास होईल का?

सॅक्सोफोन

थोडा. मजकूर छापणाऱ्या व्हॅल्यू-ऑफ सूचनेला अनेक नोड मिळाले तर १.० मध्ये फक्त पहिल्याचा मजकूर यायचा, २.० पासून सगळ्यांचा येतो, मधे जागा सोडून. प्रश्नसंचात याने मजेशीर घोटाळे होतील. जिथे पहिलाच हवाय तिथे तसं लिहा. जुनं आणि नवं एचटीएमएल शेजारी ठेवून डिफ काढा, हजार ओळींत पाच-दहा जागा सापडतील.

आणि कंपाइल केलेली स्टाइलशीट कॅश करताय ना? ती आकाराने किरकोळ आणि बनवायला महाग. कॅशमध्ये पहिला मान तिचा. जावाच्या टेम्प्लेट्सचा ऑब्जेक्ट थ्रेडसेफ असतो, ट्रान्सफॉर्मर नसतो.

चकली

थोडं अवांतर, पण मेमरीचंच. आमचं लक्षण असं होतं की कॅशमध्ये फक्त ‘शीर्षक’ एलिमेंट ठेवायचो, प्रत्येकी काही बाइटांचा माल, तरी मेमरी वाढतच जायची. पायथनच्या एलएक्सएमएल लायब्ररीत एका एलिमेंटला धरून ठेवलं की त्याचं पूर्ण डॉक्युमेंट जिवंत राहतं. हजार शीर्षकं म्हणजे हजार अख्खी झाडं. शीर्षकाची साधी स्ट्रिंग काढून ठेवली आणि प्रश्न मिटला.

इटरपार्स (फाईल तुकड्यातुकड्याने पार्स करणं) वापरणाऱ्यांसाठी: एलिमेंटचं काम झालं की क्लिअर करता ते ठीक, पण रिकामी झालेली एलिमेंटं मूळ एलिमेंटला लटकलेलीच राहतात. तीही काढावी लागतात.

टर्मिनल_तात्या

@चकली, अवांतर कसलं, जावाच्या डॉममध्येही हुबेहूब हेच. प्रत्येक नोडकडे ओनरडॉक्युमेंट असतं. सेशनमध्ये एक नोड ठेवला की झाड खिशात.

अर्धशिक्षित

आता माझा मूळ आक्षेप. झाड कॅश कशाला करायचं? संपादकाला एचटीएमएल हवंय. एचटीएमएल कॅश करा. एक स्ट्रिंग, हवं तर जीझिप केलेली. नोडबिड काही नाही, हीपला धक्का नाही, द्यायला शून्य वेळ. जितकं तयार उत्पादनाच्या जवळ जाऊन कॅश कराल तितका फायदा.

सॅक्सोफोन

वाचकांच्या संकेतस्थळाला हे बरोबर. इथे माणूस प्रीव्ह्यू दाबतो तोच मुळी फाईल बदलल्यावर. त्याच्या प्रकरणाचं तयार एचटीएमएल त्या क्षणी शिळं असतं. हिट मिळणार कुठून?

अर्धशिक्षित

मग त्या प्रकरणाचं झाडही त्याच क्षणी शिळं असतं की! तेही कॅश करू नका.

कोकणकडा

हे वाक्य फ्रेम करून लावा. माझ्या मते या धाग्यातला सगळ्यात उपयोगी प्रतिसाद हाच.

रानमेवा, तुमच्याकडे दोन वेगळ्या जातींची डॉक्युमेंटं आहेत आणि एकाच हॅशमॅपमध्ये कोंबली आहेत. शब्दसूची आणि सामायिक फायली: मोठ्या, क्वचित बदलणाऱ्या, प्रत्येक प्रीव्ह्यूला लागणाऱ्या. यांचं झाड मेमरीत हवंच, आणि त्यांना मर्यादेची कात्री लावायचीही गरज नाही, कारण त्या मूठभर आहेत. प्रकरणं: पुष्कळ, सतत बदलणारी, एकदोघांनाच लागणारी. एका संपादकाने एका दुपारी पुन्हा पुन्हा उघडलेलं प्रकरण सोडलं तर त्यांना कॅशमध्ये ठेवून काही मिळत नाही. त्यांना छोटी मर्यादित जागा द्या, किंवा देऊच नका. सेकंदाला दहाएक एमबी या वेगाने पार्स होत असेल तर ३ एमबीचं प्रकरण बांधायला लागणारा वेळ संपादकाला कळणारही नाही.

रानमेवा

हे डोक्यातच आलं नव्हतं. लॉग चाळले. सामायिक फायलींच्या विनंत्या प्रचंड, आणि प्रकरणांपैकी बरीचशी रात्रीच्या पीडीएफ बॅचमध्ये एकदा वाचली जातात, पुन्हा दिवसभर कुणी विचारत नाही.

टर्मिनल_तात्या

रात्रीचा बॅच! म्हणजे समजा तुम्ही साधी एलआरयू कॅश (सगळ्यात आधी वापरलेलं प्रथम बाहेर काढणारी) लावली असती, तर रोज रात्री बॅचने सगळी प्रकरणं एकेकदा वाचून कामाची झाडं बाहेर ढकलली असती आणि सकाळी पहिल्या संपादकाला थंड कॅश मिळाली असती. एकदाच लागणाऱ्या गोष्टींनी नेहमीच्या गोष्टींची जागा घेणं हा एलआरयूचा जुना रोग आहे. कॅफीन लायब्ररी घ्या. तिचं धोरण, डब्ल्यू-टायनीएलएफयू, नव्या आलेल्याची वारंवारता पाहून मगच जुन्याला हलवतं.

वजनाची सोय तिच्यात आहे: कमाल वजन सांगायचं आणि प्रत्येक नोंदीचं वजन देणारं फंक्शन द्यायचं. टायनीट्रीला नोडांची संख्या विचारता येते. नोड गुणिले वीस, अधिक ॲट्रिब्यूटांचे काही, अधिक अक्षरांचे दुप्पट, एवढा अंदाज चालतो. तो तपासायला ओपनजेडीकेचं जेओएल आहे, पाच-सात नमुना फायलींचं खरं वजन त्याने मोजा आणि सूत्राचे आकडे जुळवून घ्या. दर नोंदीला जेओएल चालवू नका, ते अख्खं झाड फिरतं.

दोन सापळे. वजन नोंद आत येताना एकदाच घेतात, नंतर नोंद वाढली तरी कॅशला पत्ता नसतो. डिफर्ड डॉम कॅश केला असता तर तो आत येताना हलका दिसला असता आणि पहिल्या वापरानंतर फुगला असता. सॅक्सनमध्ये एक्सएसएल-कीच्या इंडेक्सचं असंच आहे, तो पहिल्या वापराला बनतो आणि डॉक्युमेंट असेपर्यंत राहतो. शब्दसूचीवर की असणारच तुमच्या.

दुसरा सापळा: कॅशमधून हाकललेलं झाड कुणी वापरत असेल तर ते मेमरीतच असतं. आणि जे बांधलं जातंय तेही अजून कॅशच्या वजनात नसतं. म्हणून कमाल वजन हीपएवढं ठेवू नका. मी साधारण एक तृतीयांशाच्या वर जात नाही, आणि एका वेळी किती ट्रान्सफॉर्म चालतील त्याला सेमाफोर लावतो. पार्सिंग कॅशच्या ‘गेट’ (get) कॉलमध्येच लोडर (नोंद नसेल तर ती बनवणारं फंक्शन) देऊन करा, म्हणजे एकच फाईल दहा जणांनी मागितली तरी एकदाच पार्स होईल, बाकीचे थांबतील.

कोकणकडा

ऑपरेशनवाल्यांचा एक मुद्दा. टायनीट्रीचे ॲरे लांब आणि सलग असतात. ४ जीबी हीपवर जी१ जीसी डिफॉल्टने हीपचे २ एमबीचे तुकडे, म्हणजे रीजन, करतो, आणि अर्ध्या रीजनएवढी किंवा त्याहून मोठी वस्तू ‘ह्युमंगस’ ठरते. अडीच-पावणेतीन लाख नोडांचं झाड झालं की त्याचा प्रत्येक पूर्णांकांचा ॲरे १ एमबीच्या पुढे जातो. प्रत्येकाला स्वतंत्र रीजन, उरलेली जागा वाया. जीसी लॉगमध्ये ह्युमंगस शब्द वारंवार दिसला तर रीजनचा आकार ८ एमबी करून बघा.

कंटेनरमध्ये चालवत असाल तर कमाल हीप स्पष्ट लिहा. नाही लिहिला तर जेव्हीएम कंटेनरच्या मेमरीचा चौथा हिस्साच घेतो आणि आपण इथे तिसऱ्या हिश्श्याचे हिशोब करत बसतो.

परदेशस्थ_पाखरू

पर्याय म्हणून: व्हीटीडी-एक्सएमएलमध्ये मूळ बाइट जसेच्या तसे ठेवतात आणि टोकनची जागा, लांबी, खोली ६४ बिटांत नोंदवतात. मूळ फाईलच्या १.३ ते १.५ पट मेमरी असा त्यांचाच दावा आहे. पण परवाना जीपीएल, आणि एक्सएसएलटीला थेट उपयोग नाही. फक्त एक्सपाथने थोडं उचलायचं असेल त्यांनी बघावं.

रानमेवा

बदल करून सेवा चालू केली. सामायिक फायलींची टायनीट्री कायमची मेमरीत, प्रकरणांसाठी कॅफीनमध्ये वजनाची मर्यादा, आणि रात्रीचा बॅच कॅशला हातच लावत नाही, तो सरळ पार्स करतो. जीसी लॉग आता इतका सपाट आहे की आधी वाटलं लॉगिंगच बंद पडलं. रीजनचा आकार बदलावा लागला नाही, फायली अंदाजापेक्षा कमी नोडांच्या निघाल्या. शब्दसूची सोडून.

दोन अडचणी उरल्या आहेत. शब्दसूची बदलली की नवी आवृत्ती कधी उचलायची? सध्या फाईलची बदलल्याची वेळ बघतो, पण सूची मोठी असल्याने कधीकधी अर्धवट लिहिलेली फाईल पार्सरच्या हाती लागते. आणि बॅचमध्ये एका ट्रान्सफॉर्ममध्ये शंभरेक प्रकरणं डॉक फंक्शनने ओढली जातात, तिथे मेमरी शेवटपर्यंत वाढत जाते. कॅश नाही, तरी?

टर्मिनल_तात्या

पहिलीचं उत्तर लिहिणाऱ्याच्या बाजूला आहे. नव्या नावाने लिहा, पूर्ण झाली की त्याच फोल्डरमध्ये रीनेम करा. वाचणाऱ्याला जुनी पूर्ण किंवा नवी पूर्ण, दोनच शक्यता. नवी नीट पार्स झाली तरच संदर्भ बदला, नाही झाली तर जुनीवर चालू ठेवा आणि अलार्म द्या. चालू ट्रान्सफॉर्मच्या हातात जुनं झाड असतं ते तसंच राहू द्या, काम संपलं की जीसी नेईल. तेवढा वेळ दोन सूच्या मेमरीत असतील, त्याची जागा धरून ठेवा.

सॅक्सोफोन

दुसरीचं कारण भाषेच्या स्टँडर्डमध्येच आहे. एकाच ट्रान्सफॉर्ममध्ये डॉक फंक्शनला तोच पत्ता दोनदा दिला तर तोच नोड मिळाला पाहिजे, असा नियम आहे. म्हणून सॅक्सन वाचलेलं प्रत्येक डॉक्युमेंट त्या ट्रान्सफॉर्मच्या पूलमध्ये शेवटपर्यंत ठेवतो. तुम्ही लावलेली नसली तरी ती कॅशच.

सॅक्सन:डिस्कार्ड-डॉक्युमेंट हे त्यांचं एक्स्टेन्शन फंक्शन आहे, डॉकचा निकाल त्यातून काढला की ते डॉक्युमेंट पूलमधून सुटतं. मात्र तुमच्या आवृत्तीत ते मिळतं का हे आधी तपासा, सगळी एक्स्टेन्शन्स एचईमध्ये नसतात. स्ट्रीमिंग तर फक्त ईई या विकतच्या आवृत्तीत. नाहीच मिळालं तर शंभर प्रकरणांचा एक ट्रान्सफॉर्म तोडून प्रकरणागणिक एक करा, आणि जोडणी जावात. सामायिक फायली यूआरआय रिझॉल्व्हरमधून तयार झाड म्हणून द्या, फक्त सगळीकडे एकच कॉन्फिगरेशन ऑब्जेक्ट वापरा, नाहीतर झाड परकं म्हणून नाकारलं जाईल.

स्टाइलशीटमध्ये स्ट्रिप-स्पेस (निव्वळ मोकळी जागा गाळण्याची सूचना) असेल तर तेही बघा. आधीच बांधलेल्या झाडावर ते लागू करायला सॅक्सन वर वेष्टन चढवतो आणि प्रत्येक वाचनाला किंमत मोजतो. मोकळी जागा झाड बांधतानाच गाळा.

रानमेवा

स्ट्रिप-स्पेस आहे. प्रत्येक स्टाइलशीटच्या दुसऱ्या ओळीवर. बघतो.

चकली

एलएक्सएमएलसाठी असाच वेगळा धागा काढू का? इथे जावावाल्यांच्या पंगतीत वाढून घ्यायला संकोच वाटतो.

टर्मिनल_तात्या

काढा. मेमरीप्रोफायलरचा आउटपुट पहिल्याच प्रतिसादात टाका म्हणजे अर्धशिक्षितांचा एक प्रश्न वाचेल.